खंडेनवमीला उघडलेलं भट्टीचं दार

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत मी सत्तावीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची तेरा वर्षं ताण काढायची भट्टी माझ्या ताब्यात होती. ओतलेला लोखंडी भाग थंड झाला तरी त्याच्या पोटात ताण उरतो. तो काढायचा म्हणजे भाग पुन्हा भट्टीत घालून सावकाश तापवायचा, काही तास त्याच तापमानावर धरायचा आणि त्याहून सावकाश निववायचा. हे काम डोळ्यांना दिसत नाही. नीट केलेला भाग आणि घाई केलेला भाग शेजारी ठेवले तर कुणालाही सारखेच वाटतील. फरक दोन-तीन महिन्यांनी, बारीक मोजमाप घेतल्यावर कळतो. त्यामुळे या कामात भट्टीवाल्याचा शब्द आणि तापमानाच्या चार्टचा कागद, या दोनच गोष्टींवर सगळा विश्वास असतो. मी दोन्हींची वाट लावली.

निवृत्तीनंतर मी सांगलीला मुलाकडे आलो. आता वय एक्याऐंशी आहे. ज्यांच्यापुढे हे सांगायला हवं होतं त्यातलं कुणी माझ्या हाताशी राहिलेलं नाही, तरी लिहून ठेवतो.

सोव्हिएत देश मोडून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या मालकांचं एका जर्मन कंपनीशी जुनं काम होतं. तिच्यासाठी आम्ही पंपाचे भाग ओतून देत असू. त्या कंपनीची युक्रेनमधल्या एका कारखान्याशी बोलणी सुरू झाली. मोठ्या गिअरबॉक्सची लोखंडी पेटी ओतायची आणि तिच्यातला ताण काढायची त्या कारखान्याची स्वतःची रीत होती, वर्षानुवर्षं वापरलेली. जर्मनांना ती हवी होती. पण देश मोडल्यावर त्या कारखान्याचा गॅस बंद झाला होता, ऑर्डरी थांबल्या होत्या आणि भट्ट्या थंड पडल्या होत्या. रीत होती, करून दाखवायला पेटती भट्टी नव्हती.

म्हणून असं ठरलं, की युक्रेनचा इंजिनिअर साताऱ्याला येईल आणि आमच्या भट्टीत त्याच्या रीतीने बारा पेट्या करील. सहा-सहाच्या दोन खेपा. त्यांचं मशीनिंग सांगलीच्या एका वर्कशॉपमध्ये होईल, मग त्या बोटीने जर्मनीला जातील. तिथे तीन महिने ठेवून पुन्हा मोजतील. मापं हलली नाहीत तर जर्मन कंपनी त्या कारखान्यात भागीदारी करणार आणि तिथल्या भट्ट्या पुन्हा पेटवणार. हलली तर विषय संपला. आमचं यात फारसं काही जाणार नव्हतं. पंपाचं काम चालूच राहणार होतं. जे जायचं ते त्या माणसाचं जाणार होतं.

तो पन्नाशीचा होता. उंच, किंचित वाकलेला, वरचा एक दात स्टीलचा. आमचे कामगार त्याला रशियन म्हणायचे आणि तो दर वेळी बोट हलवून सांगायचा, "रशियन नको. उक्राइना." महिन्याभरात त्याला मराठीतले पंधरा-वीस शब्द आले, पाणी, चहा, गरम, दार, हळू, बास, आणि कुठल्याही शब्दाला लावायला ‘नको’. सगळे मला दादा म्हणायचे म्हणून तोही दादा म्हणू लागला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असून. बाकीच्या बोलण्यासाठी दुभाषा होता. सांगलीचाच, सोव्हिएत काळात तिकडे जाऊन इंजिनिअरिंग शिकून आलेला. परत आल्यावर त्याच्या रशियनचा उपयोग करून घेणारे आम्ही पहिलेच, असं तो म्हणायचा, आणि बहुतेक शेवटचेही.

दुभाष्याकडूनच कळलं, की त्याची बायको त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे आणि त्याच्या विभागातली माणसं रोज ठरल्या वेळेला कारखान्यात येतात, थंड भट्टीशेजारी बसतात, आणि संध्याकाळी घरी जातात. घरी बसलं तर जागा जाईल म्हणून येतात. तो हे सांगत असताना डबा खात होता. माझ्या बायकोने दिलेलं थालीपीठ त्याने मधेच खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पहिली खेप लावली त्या दिवशी त्याने माझ्याकडे भाकरी मागितली. मला वाटलं भूक लागली. त्याने भाकरीचा चतकोर मोडला, त्यावर चिमूटभर मीठ ठेवलं आणि तो तुकडा भट्टीच्या दाराशी जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे सरला. त्यांच्याकडची चाल होती की त्याचीच, ते मी विचारलं नाही. आमचा भट्टीवरचा मुख्य कामगार माण तालुक्यातल्या म्हसवडकडचा. बाप-आजा मेंढरामागे फिरलेले; हा पहिला कारखान्यात आलेला. तो हळूच म्हणाला, "गड्या, ह्याला बी कळतंय की भट्टीला नैवेद्य लागतो ते." सगळे हसले, पाहुणाही हसला. ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. तो माणूस आमचं ऐकून घेणारा होता, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

आता खंडेनवमीचं. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. यंत्रं धुऊन पुसून बंद ठेवायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, आणि दसऱ्यानंतरच पुन्हा सुरू करायची. फौंड्रीत सगळं थंड असेल असं दर वर्षी जमत नसे. आदल्या वर्षी माझी भट्टी चालू होती. तिला लांबूनच अक्षता टाकून आम्ही पूजा उरकली. पुढच्या आठवड्यात एका कामगाराचा हात कोपरापर्यंत भाजला. त्याचा नि पूजेचा संबंध कुणी लावायला नको होता, पण सगळ्यांनी लावला. मीही. तोंडाने मी काही बोललो नाही इतकंच.

दुसरी खेप कधी लावायची ते जर्मनीला जाणाऱ्या बोटीवरून ठरलं. दुभाष्याने कागद माझ्यापुढे ठेवला. त्या इंजिनिअरच्या रीतीप्रमाणे सप्तमीला भट्टी पेटवायची, साडेपाचशे अंशांच्या जरा वर नेऊन धरायची, आणि अष्टमीच्या सकाळी दहापासून तासाला दहा अंश अशी उतरवायची, दीडशेपर्यंत. म्हणजे दार उघडायचं ते दसऱ्याच्या पहाटे. नवमीला भट्टी गरम असणार हे मला बघताक्षणी कळलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. चार दिवस पुढे ढकलू, पुढची बोट घेऊ, असं म्हणता आलं असतं. त्याने भाकरी-मीठ ठेवलं होतं. त्याला समजलं असतं. पण शेजारी जर्मन साहेब बसलेले, तेही पाहणीसाठी आलेले. पूजेसाठी काम थांबवा, हे त्यांच्यापुढे सांगायची मला लाज वाटली. आपण मागासलेले दिसू असं वाटलं. मी मान डोलावली आणि सही केली.

अष्टमीला सकाळी दहाला तापमान उतरायला लागलं. ते नीट उतरतंय असं पाहून मालक त्या दोघा पाहुण्यांना घेऊन पाचगणीला निघाले. परतायचे ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दुभाषाही बरोबर. जाताना युक्रेनचा इंजिनिअर मुद्दाम आत आला. भट्टीच्या दारावर हात न टेकता, चार बोटं अंतर ठेवून त्याने हात धरला, जसा आपण झोपलेल्या मुलावर धरतो. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दार नको, दादा."

मी म्हणालो, "नको."

मालक नव्हते, म्हणून त्या वर्षी पूजेला मी आणि माझी बायको बसणार होतो. हेही लिहायलाच हवं. एवढ्या वर्षांत तो मान मला पहिल्यांदा मिळत होता. बायकोने ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं होतं.

नवमीला सकाळी सातला मी गेलो तर कामगार भट्टीपुढे उभे. बाकीची यंत्रं धुऊन झाली होती. मापकावर साडेतीनशे अंश. म्हसवडकराने मला बाजूला घेतलं.

"दादा, पेटत्या भट्टीला कुंकू कसं लावायचं?"

मी म्हणालो, की गेल्या वर्षीसारखं लांबून करू.

"गेल्या वर्षी केलं की. त्या पोराचा हात बघितला न्हाई तुमी?" मग म्हणाला, "का आता ही भट्टी गोऱ्यांची झाली? तसं आसंल तर सांगा, आमी न्हाई इचारत."

मागून कुणीतरी म्हणालं, की दादा पूजेला बसणार आणि त्यांचीच भट्टी पारोशी राहणार. हसू फुटलं. रागाचं नव्हतं, नेहमीचंच चिडवणं होतं. मला ते लागलं.

मी पाहुण्यांची बोट, बारा पेट्या, तिकडचा कारखाना, सगळं त्यांना सांगू शकलो असतो. ती माणसं समजूतदार होती. थंड भट्टीशेजारी रोज येऊन बसणाऱ्या माणसांची गोष्ट ऐकली असती तर म्हसवडकर स्वतःच म्हणाला असता की राहू द्या. मी ती सांगितलीच नाही. मी मनात हिशेब केला, की साडेपाचशेवरून साडेतीनशेपर्यंत आलंच आहे. पुढचा टप्पा तेवढा महत्त्वाचा नसणार. हे परदेशी लोक सगळ्यातच जास्तीची काळजी घेतात. आमचे पंपाचे भाग आम्ही याहून लवकर काढत होतो आणि कधी तक्रार आली नव्हती. पण पंपाचा भाग केवढा आणि ही पेटी केवढी, तिच्यात कुठे जाड भिंत, कुठे पातळ, हे मला माहीत होतं. माहीत असून मी मुख्य स्विच बंद केला आणि दार उघडायला सांगितलं.

दोन मोठे पंखे आणून लावले. पेट्यांवरून येणारी हवा अंगाला भाजत होती. साडेअकरापर्यंत भट्टी झाडून झाली, दाराचा पत्रा ओल्या फडक्याने पुसला. बाराला मी आणि बायकोने पूजा केली. दारावर कुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. पेढे वाटले. सगळे फार खुशीत होते. मीही होतो.

चार्टचं काम दुसऱ्या दिवशी केलं. रेकॉर्डरमध्ये गोल कागद असायचा. तीन दिवसांत त्याचा एक फेरा होई आणि शाईची रेघ तापमान काढत जाई. त्या खेपेच्या कागदावर रेघ साडेतीनशेपाशी कड्यावरून पडावी तशी पडली होती. तो कागद मी घडी करून खिशात घातला. पहिल्या खेपेच्या आधी आम्ही एक चाचणी घेतली होती, एका पेटीची. तिचा पूर्ण चार्ट माझ्या फाइलीत होता. त्याच्या उतरत्या रेघेवर एक लहानशी पायरी होती, वीस मिनिटं वीज गेली होती तिची. बाकी रेघ स्वच्छ. मी चाचणीचा खेप क्रमांक खरवडून तिथे दुसऱ्या खेपेचा क्रमांक घातला आणि खाली सही केली. एवढं काही होणार नाही असंच वाटत होतं.

पाहुणे परत आले. भट्टीवरची माळ तोवर सुकली होती. युक्रेनचा इंजिनिअर ती पाहून इतका खूश झाला की कॅमेरा आणायला पळाला. मला दाराशी उभं करून त्याने फोटो काढला. कामगारांनी त्याला आपट्याची पानं दिली, ती त्याने वहीत ठेवली. पेट्या सांगलीला गेल्या, मग बोटीवर. तो आपल्या घरी परत गेला.

मे महिन्यात जर्मन साहेब आणि तो, दोघेही पुन्हा आले. पहिल्या खेपेतल्या सहा पेट्या जशाच्या तशा होत्या. दुसऱ्या खेपेतल्या सहाही वाकल्या होत्या. केसाच्या जाडीएवढ्याच, पण गिअरबॉक्सला तेवढं पुष्कळ होतं.

मालकांच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. जर्मन साहेबांनी दोन्ही खेपांचे चार्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. ते शांतपणे इंग्रजीत बोलले आणि मालकांनी मान हलवली. लोखंड तेच, भट्टी तीच, माणसं तीच, आणि चार्टही तोच. एकाच रीतीने सहा पेट्या टिकतात आणि सहा टिकत नाहीत, तर ती रीत भरवशाची नाही. तिच्यावर ते कारखाना उभारू शकत नाहीत. त्यांना त्यात आनंद नव्हता. माझ्याकडे बघून ते एवढंही म्हणाले, की तुमच्या नोंदी मात्र उत्तम आहेत.

माझ्या त्या कागदानेच त्या माणसाला खोटं पाडलं होतं. मी चार्ट बदलला नसता, तर पडलेली रेघ पाहून कुणीही म्हणालं असतं, दार लवकर उघडलं, पुन्हा सहा पेट्या करा. मला बोलणी बसली असती, कदाचित नोकरी गेली असती. त्याचं काही गेलं नसतं.

तो दुसऱ्या खेपेच्या चार्टवर वाकला. त्याचं बोट उतरत्या रेघेवरून सरकत सरकत त्या पायरीवर थांबलं. चाचणीच्या वेळी हीच पायरी त्याने पाहिली होती. आता ओळखणार, असं मला वाटलं. आणि खरं सांगतो, त्याने ओळखावी असंही वाटत होतं. मला जे जमत नव्हतं ते त्याने करून टाकावं.

तो दुभाष्याशी बोलला. दुभाषा माझ्याकडे वळला. "दादा, ते विचारतायत, त्या दिवशी वीज गेली होती का?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो. वीस मिनिटं."

दुभाष्याने ते तिकडे सांगितलं. युक्रेनच्या इंजिनिअरने डोळे मिटून मान हलवली, जसं काही उत्तर सापडलं. मग तो जे बोलला ते दुभाष्याने जर्मन साहेबांना इंग्रजीत सांगितलं आणि नंतर जिना उतरताना मला मराठीत. वीज जाणाऱ्या देशात काम करायचं तर रीतीत त्याची सोय हवी होती, ती मी केली नाही, चूक माझी आहे, असं तो म्हणाला होता.

बाहेर म्हसवडकर उभा होता. त्याने मला विचारलं, "आवं दादा, आपल्या पूजेपायी तर झालं न्हाई ना हे?" मी न्हाई म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. तेव्हा वाटलं, निदान एकाला तरी मोकळं केलं. पण त्याला मोकळं केलं तेही खोटं बोलूनच. तो पुढे चार-पाच वर्षांनी गेला.

त्यानंतरही मला वाटायचं, त्या माणसाने पायरी ओळखली असेल आणि मला वाचवायला गप्प बसला असेल. तसं मानण्यात एक आधार होता. त्याला माहीत आहे, त्याने सोडून दिलं. दीड वर्षाने तो आधारही गेला. दुभाष्याच्या पत्त्यावर त्याचं पत्र आलं. दुभाषा साताऱ्याला येऊन बसला आणि वाचत वाचत मराठी करून सांगू लागला.

जर्मन कंपनीने दुसरीकडे काम दिलं होतं. युक्रेनच्या कारखान्याचा भट्टी विभाग बंद झाला होता, माणसं पांगली होती. याने मात्र प्रयोगशाळेतल्या छोट्या विजेच्या भट्टीत, जेव्हा मिळेल तेव्हा, लहान नमुने करून पाहणं चालू ठेवलं होतं. उतरणीवर वीस मिनिटं वीज बंद करून पाहिली. नमुना वाकला नाही. चाळीस मिनिटं, तासभर करून पाहिलं. नाही वाकला. त्याचं विचारणं एवढंच होतं, की दादांना नीट आठवतं का, वीज वीस मिनिटांहून जास्त वेळ तर गेली नव्हती? रीतीत चूक नेमकी कुठे झाली हे त्याला समजून घ्यायचं होतं. आता त्याचा काही उपयोग नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी समजायला हवं होतं.

त्याने काहीच ओळखलं नव्हतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

पत्रात माझा फोटो होता. भट्टीच्या दारावर कुंकवाची पाच बोटं, सुकलेली माळ, आणि दारावर हात टेकून मी. मागे त्याने काहीतरी लिहिलं होतं. दुभाषा म्हणाला, एवढी सुंदर भट्टी मी दुसरीकडे पाहिली नाही, असं लिहिलंय.

"काय कळवू?" त्याने विचारलं.

मी फोटो पाकिटात घातला आणि पाकीट माझ्याकडे ठेवून घेतलं. मग सांगितलं, की जे नोंदलं आहे तेच खरं, असं कळव. त्याने तसं कळवलं. पुन्हा पत्र आलं नाही. काही वर्षांनी दुभाषा परदेशी गेला, त्याच्याशीही संबंध राहिला नाही. निवृत्त झाल्यावर एकदा मी मोडक्या इंग्रजीत सगळं लिहून पाकिटावरचा तो पत्ता जसाच्या तसा गिरवून पाठवलं. पोचलं की नाही कळायला मार्ग नाही. तो असता तर आता शहाऐंशीच्या आसपास असता.

घडी केलेला मूळ चार्ट मात्र मी टाकला नाही. घडीवर फाटला आहे, शाई विटली आहे, पण रेघ वाचता येते. त्यावरून लिहितो.

दुसरी खेप, सहा पेट्या. अष्टमीला सकाळी दहापासून तासाला दहा अंश उतरण, नीट. नवमीला सकाळी सातला तापमान साडेतीनशे. भट्टी बंद केली. दार उघडलं. दोन पंखे लावले. दार माझ्या सांगण्यावरून उघडलं, कामगारांचा दोष नाही. रीतीत कुठेही चूक नव्हती. त्या दिवशी वीज गेली नव्हती.